खतावणीतला रिकामा रकाना



आमच्या सरांनी वर्गाला सार्वजनिक वित्त हा विषय शिकवायला सुरुवात केली ती एका धनादेशापासून. १९७४ साली अमेरिकेने भारताला १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिला. पी. एल. ४८० या अमेरिकन कायद्याखाली आपण जे धान्य घेतलं त्याची किंमत वर्षानुवर्षं रुपयांत अमेरिकेच्या नावावर जमा होत होती. हा साठा इतका वाढला की दोन्ही देशांना तो गळ्यातल्या धोंड्यासारखा जड झाला. त्यातल्या मोठ्या हिश्शावर अमेरिकेने पाणी सोडलं. समोर बसलेल्यांपैकी ज्यांनी मिलो ज्वारीची तांबडी भाकरी खाल्ली आहे, त्यांना ते धान्य आठवत असेल. त्याचा हिशेब कसा मिटला हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. तो मिटवण्यासाठी धडपडणारे राजदूत होते डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन. सर म्हणाले होते, या माणसाचं नाव वहीत लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ते आज उपयोगी पडतं आहे. मॉयनिहन दिल्लीहून परतले, १९७७ मध्ये न्यूयॉर्कचे सिनेटर झाले आणि चोवीस वर्षं राहिले. त्या काळात त्यांनी दोन कामं लावून धरली. न्यूयॉर्कचे लोक वॉशिंग्टनला कर किती देतात आणि परत किती येतं, याचा हिशेब ते दर वर्षी प्रसिद्ध करत. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ त्यात त्यांच्या बरोबर असत. दुसरं काम बंदुकीच्या गोळ्यांचं. १९९३ मध्ये त्यांनी सुचवलं की गोळ्यांवर जबर कर बसवावा, आणि शरीरात शिरल्यावर उमलून आतडी फाडणाऱ्या ‘ब्लॅक टॅलन’सारख्या गोळ्यांवर तर तो दहा हजार टक्के असावा. त्यांचं म्हणणं असं की देशात बंदुका दोन शतकं पुरतील इतक्या आहेत, गोळ्या मात्र चारेक वर्षांपुरत्या. तेव्हा गोळीला हात घाला. कर काही बसला नाही. पण थोड्याच दिवसांत विंचेस्टर कंपनीने ती गोळी सामान्य ग्राहकांना विकणं थांबवलं.

कराचा हिशेब आणि बंदुकीची गोळी ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या टेबलावर असणं मला योगायोग वाटत नाही. अमेरिकेत बंदुकीवरचं भांडण आणि पैशावरचं भांडण हे मुळात एकच आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे. मी कोणाचं काय लागतो, आणि माझ्या राज्याच्या सीमेपलीकडे राहणारा माणूस माझा कोण, हे त्या भांडणाचं मूळ.

एका दिवसाची गोष्ट सांगतो. १५ जानेवारी २०१३. त्याआधी अडीच महिन्यांवर, २९ ऑक्टोबरला, सँडी नावाचं वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळलं होतं. माझी धाकटी बहीण एडिसनला राहते. तिच्याकडे आठवडाभर वीज नव्हती, पण घर शाबूत होतं. किनाऱ्यावरच्या हजारो लोकांचं तेही राहिलं नव्हतं. मग १४ डिसेंबरला कनेक्टिकटमधल्या न्यूटाउन गावी सँडी हूक नावाच्या प्राथमिक शाळेत एक तरुण रायफल घेऊन शिरला. त्याने वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली. मुलं सहा-सात वर्षांची होती, पहिलीतली. त्या आठवड्यात बहिणीला फोन केला की ती बोलायची कमी आणि नुसतं धरून राहायची जास्त. तिचा मुलगा तेव्हा दुसरीत होता.

त्या १५ जानेवारीला न्यूयॉर्कच्या राजधानीत, ऑल्बनीला, गव्हर्नर अँड्र्यू कुओमोंनी राज्याच्या नव्या बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. न्यूटाउननंतर देशात झालेला हा पहिला कडक कायदा. त्याच दिवशी वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात सँडीग्रस्तांच्या सुमारे पन्नास अब्ज डॉलरच्या मदतीवर मतदान झालं. बाजूने २४१, विरुद्ध १८०. विरोधातले १७९ रिपब्लिकन होते, आणि त्यांत दक्षिणेतल्या व मध्य-पश्चिमेतल्या मतदारसंघांचा भरणा मोठा होता. साऊथ कॅरोलायनाचे मिक मल्व्हेनी यांनी उपसूचना आणली की एवढा पैसा द्यायचा तर बाकीच्या खर्चाला त्या प्रमाणात कात्री लावा. ती फेटाळली गेली. पण ईशान्येच्या लोकांच्या मनाला जी जखम व्हायची ती झाली. आम्ही चाळीस वर्षं यांना पैसे पाठवतो आणि आमचीच घरं वाहून गेली तेव्हा हे पावत्या मागतात, असं तिकडे उघड बोललं जाऊ लागलं. आणि लगेच पुढचं वाक्य यायचं: यांच्याच बंदुका आमच्या मुलांना मारतात.

हे दुसरं वाक्य कितपत खरं आहे त्याकडे मी येणार आहे. आधी कायद्याची घडण बघू, कारण तिथेच कर आणि बंदूक एकमेकांत गुंतले आहेत.

सर म्हणत, कायदा वाचण्याआधी तो कोणत्या खात्यातून चालतो ते बघा. अमेरिकेचा पहिला मोठा राष्ट्रीय बंदूक कायदा १९३४ चा. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी, शिकागोतल्या व्हॅलेंटाइन दिवसाच्या हत्याकांडाने देश हादरला होता. पण केंद्र सरकारला मशीनगन सरळ बंद करण्याचा अधिकार घटनेत कुठे सापडेना. पोलिसी अधिकार राज्यांचा. अॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी वाट काढली ती कराची. मशीनगन, आखूड नळीची रायफल, सायलेन्सर यांच्या प्रत्येक खरेदीविक्रीवर दोनशे डॉलर कर, आणि कर भरायचा म्हणून नोंदणी. टॉमी गन या मशीनगनची किंमतच त्या वेळी जवळपास तेवढी होती. मसुद्यात पिस्तुलंही होती, ती पुढे वगळली गेली. आजच्या मृत्यूंचे आकडे वाचताना मला दर वेळी ते वगळलेलं कलम आठवतं. १९३७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा मान्य केला तोही कर म्हणूनच. आणि बंदुकांवर देखरेख करणारं खातं, ज्याला तिकडे एटीएफ म्हणतात, ते २००३ पर्यंत अर्थखात्याचा भाग होतं. दारू, तंबाखू आणि बंदूक या तिन्हींचा अबकारी एकाच छपराखाली.

दुसरा कर आपल्याकडे कोणाला फारसा माहीत नाही, पण त्याने मला बरंच शिकवलं. रायफल, बंदूक आणि काडतुसांवर कारखान्यातच अकरा टक्के, पिस्तुलांवर दहा टक्के अबकारी लागतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने हा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. त्याची वाटणी मुख्यतः अशी: निम्मा भाग राज्याच्या क्षेत्रफळावर, निम्मा परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर. अलीकडच्या काही वर्षांत ही रक्कम अब्ज डॉलरच्या आसपास गेली आहे. म्हणजे शिकागोच्या उपनगरातल्या बाईने भीतीपोटी पिस्तूल घेतलं, तर त्यावरच्या कराचा एक अंश मोंटानातल्या हरणांच्या कुरणाला लागतो. तिथल्या शिकाऱ्याला याचा सार्थ अभिमान आहे. अमेरिकेतली हरणं, रानटर्की, बदकं पुन्हा वाढली त्यात या पैशाचा मोठा वाटा आहे, आणि बंदूकवाल्यांना निसर्गाचे शत्रू ठरवणाऱ्या शहरी माणसाने हे मान्य करायला हवं. पण याच वाटणीत मैदान आणि शिकारी मोजले जातात. जखमी मोजले जात नाहीत.

पैशाचा उपयोग उलट दिशेनेही झाला. १९९६ मध्ये आर्कान्सॉचे काँग्रेस सदस्य जे डिकी यांनी खर्चाच्या विधेयकाला एक ओळ जोडली: रोगनियंत्रण केंद्राचा पैसा बंदूक नियंत्रणाच्या पुरस्कारासाठी वापरता येणार नाही. त्याच वेळी त्या केंद्राचे सव्वीस लाख डॉलर कमी करण्यात आले. बंदुकीच्या जखमांवरच्या संशोधनाला आदल्या वर्षी नेमके तेवढेच लागले होते. इशारा सगळ्यांना कळला. वीस-बावीस वर्षं या विषयावरचं सरकारी संशोधन जवळजवळ थांबलं. डिकींनी २०१२ मध्ये, आपल्या जुन्या विरोधकाच्या बरोबरीने लेख लिहून, हे संशोधन व्हायला हवं असं जाहीरपणे सांगितलं. या माणसाबद्दल मला आदर वाटतो. पण पैसा पुन्हा मिळायला २०२० चं अंदाजपत्रक उजाडलं. तेव्हा मिळाले अडीच कोटी डॉलर, आणि डिकी ते बघायला हयात नव्हते.

आता पैशाचा नकाशा. मॉयनिहन यांचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं. गरिबांच्या आरोग्यखर्चाची जी मेडिकेड योजना आहे, तिच्या सूत्रात राज्याचं दरडोई उत्पन्न वर्ग करून घेतात, त्यामुळे दरी फार रुंदावते. न्यूयॉर्कला केंद्राकडून निम्मा खर्च मिळतो, मिसिसिपीला तीन-चतुर्थांशाहून जास्त. करोनाच्या वर्षांत केंद्राने सगळीकडेच पैसा ओतला तो अपवाद सोडला, तर न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, न्यूयॉर्क ही राज्यं देणारी. केंटकी, मिसिसिपी, वेस्ट व्हर्जिनिया, न्यू मेक्सिको ही घेणारी. २०१७ च्या करकायद्याने या दुखण्यावर मीठ चोळलं. राज्याला भरलेला कर आणि घरपट्टी केंद्राच्या आयकरातून वजा करण्याची सवलत दहा हजार डॉलरवर आणून ठेवली. न्यू जर्सीत सरासरी घरपट्टीच तेव्हा वर्षाला नऊ हजारांच्या आसपास होती. एडिसन, प्रिन्स्टन, ब्रिजवॉटर इथल्या मराठी घरांत त्या वर्षी गणपतीच्या आरतीनंतर हाच विषय निघायचा, हे मी स्वतः ऐकलं आहे. चार राज्यांनी मिळून खटला भरला, ती हरली.

या नकाशावर बंदुकीच्या मृत्यूंचा नकाशा ठेवून बघा. लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक मृत्यू मिसिसिपी, लुईझियाना, अलाबामा, वायोमिंग, मोंटाना, अलास्का या भागांत. सर्वांत कमी मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, न्यूयॉर्क, हवाई इथे. दोन्ही नकाशे तंतोतंत जुळत नाहीत, पण बरेच जुळतात. इथेच श्रीमंत राज्यांतल्या सुशिक्षितांच्या तोंडी एक वाक्य येतं, आणि ते मी माझ्या जवळच्यांच्या तोंडूनही ऐकलं आहे: आमच्या पैशावर जगतात आणि वर बंदूक दाखवतात.

या वाक्याशी माझं भांडण आहे.

एक तर राज्य कर भरत नाही, माणूस भरतो. ज्याचं उत्पन्न जास्त तो जास्त भरतो, मग तो मॅनहॅटनमध्ये असो की मिसिसिपीत. न्यू जर्सीत तीस वर्षं नोकरी करून, तिथे कर भरून एखादा माणूस फ्लोरिडाला राहायला गेला की त्याचं निवृत्तिवेतन फ्लोरिडाच्या रकान्यात पडतं. त्याला फुकटखाऊ म्हणायचं? वेस्ट व्हर्जिनियात केंद्राचा पैसा जास्त येतो कारण तिथे म्हातारी माणसं जास्त आहेत, आणि कोळशाच्या धुळीने फुफ्फुसं काळी झालेले खाणकामगार आहेत. त्या कोळशावर पिट्सबर्गचं पोलाद शिजलं, पूर्वेच्या शहरांतले दिवे लागले. तो हिशेब कोणत्या साली सुरू करायचा?

आणि त्यांच्या बंदुकीचंही समजून घेतलं पाहिजे. वेस्ट व्हर्जिनियात थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि अनेक ठिकाणी शाळांना आठवडाभर सुट्टी असते. नातू आजोबांबरोबर रानात जातो. महिनोन्‌महिने पुरेल इतकं मांस घरी येतं. शेरीफची गाडी यायला तास लागेल अशा दरीत घर असतं. आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी, जो डुकरं आणि माकडं हाकलून हाकलून दमलेला असतो, त्याला हे चटकन कळेल. निवडणूक लागली की बंदूक पोलिसांत जमा करायला सांगतात तेव्हा त्याला जो राग येतो, तोही वेस्ट व्हर्जिनियाला कळेल. त्या माणसाला कोणी सांगितलं की आम्ही तुला पोसतो, तेव्हा बंदूक आमच्या हवाली कर, तर तो बंदूक अधिकच घट्ट धरेल. तुमच्या-माझ्या बाबतीतही हेच झालं असतं.

त्या दऱ्याखोऱ्यांतलं खरं दुःख वेगळं आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत ४८,८३० माणसं बंदुकीने गेली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त, सव्वीस हजारांवर, आत्महत्या होत्या. वायोमिंग आणि मोंटानाचे आकडे चढे आहेत ते मुख्यतः यामुळे. एकटा म्हातारा, कपाटातली बंदूक, लांबलचक हिवाळा. इतर मार्गांनी प्रयत्न करणारी पुष्कळ माणसं वाचतात आणि मग जगतात. बंदूक हातात असली की दुसरी संधी क्वचितच मिळते. या माणसांसाठी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत अग्रलेख येत नाहीत. यायला हवेत.

मग घेणाऱ्या राज्यांचं काहीच देणं नाही? आहे. आणि ते कोणत्याच खतावणीत लिहिलेलं नाही.

फ्लोरिडापासून मेनपर्यंत जाणाऱ्या आय-९५ या महामार्गाला पोलीस ‘आयर्न पाइपलाइन’ म्हणतात. जॉर्जिया, कॅरोलायना, व्हर्जिनियात सैल कायद्याखाली घेतलेली पिस्तुलं गाडीच्या डिकीतून उत्तरेला जातात आणि न्यूयॉर्क, नेवार्कच्या गल्ल्यांत कित्येक पट भावाने विकली जातात. न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनी २०१६ मध्ये राज्यात गुन्ह्यांच्या तपासात सापडलेल्या बंदुकांचा माग प्रसिद्ध केला, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश बंदुका राज्याबाहेरच्या निघाल्या. व्हर्जिनियाने १९९३ मध्ये महिन्याला एकच पिस्तूल असा नियम केला होता तो नेमका यासाठी. २०१२ मध्ये तो काढला, २०२० मध्ये पुन्हा आणला. या पिस्तुलाची गोळी ज्याला लागते त्याच्या इस्पितळाचा खर्च कोण देतं? केंद्राच्या लेखापाल कार्यालयाने २०२१ मध्ये हिशेब काढला: गोळीच्या जखमांचा नुसता सुरुवातीचा इस्पितळखर्च वर्षाला अब्ज डॉलरहून जास्त, आणि त्यातला साठ टक्क्यांहून अधिक भार मेडिकेडसारख्या सार्वजनिक योजनांवर. न्यूयॉर्कमध्ये मेडिकेडचा मोठा हिस्सा राज्य भरतं. म्हणजे जॉर्जियातल्या दुकानदाराने नफा घेतला आणि ब्रॉन्क्सच्या इस्पितळाचं बिल न्यूयॉर्कच्या करदात्याने भरलं. मॉयनिहन यांच्या वार्षिक हिशेबात दक्षिणेकडे जाणारा प्रत्येक डॉलर होता. दक्षिणेकडून येणारं पिस्तूल कोणत्या रकान्यात लिहायचं, हे त्यांच्यानंतरच्या अर्थशास्त्रज्ञांनाही अजून नीट सुचलेलं नाही. मी त्यांतलाच एक आहे.

आपण इथे बसून हे ऐकताना मनात मुंबईचा हिशेब आणत असाल. पंधराव्या वित्त आयोगाच्या वाटणीत महाराष्ट्राला ६.३१७ टक्के मिळाले, बिहारला १०.०५८. तक्रार करायला जागा आहे आणि ती आपण करतो. पण आपल्याकडे घटनेच्या २८० व्या कलमाखाली ही तक्रार ऐकायला एक आयोग बसतो. त्याच्यापुढे दोन्ही बाजू कागद घेऊन जातात. शस्त्रास्त्रांचा विषय केंद्राच्या सूचीत आहे, त्यामुळे पाटण्याला एक कायदा आणि पुण्याला दुसरा असं होत नाही. गावठी कट्टे सीमा ओलांडून आपल्याकडेही येतात, पण ते सगळीकडेच बेकायदा असतात. अमेरिकेत या दोन्ही गोष्टी नाहीत. तिथे निवाडा सिनेटमध्ये होतो, जिथे पावणेसहा लाख वस्तीच्या वायोमिंगला दोन मतं आणि चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोनच.

एप्रिल २०१३ मध्ये खाजगी विक्रीतही खरेदीदाराची पूर्वतपासणी करावी, अशी सूचना सिनेटमध्ये आली. आणणारे एक होते वेस्ट व्हर्जिनियाचे जो मॅन्चिन. त्याच्या तीनेक वर्षं आधी ज्यांनी प्रचाराच्या जाहिरातीत रायफलने एका विधेयकाच्या कागदावर गोळी झाडली होती, तेच. मतं पडली ५४ विरुद्ध ४६. हवी होती साठ. प्रतिनिधिगृहात तशीच सूचना घेऊन उभे होते लाँग आयलंडचे रिपब्लिकन पीटर किंग. सँडीच्या मदतीवरून आपल्याच पक्षावर सर्वांत जास्त संतापलेला हा माणूस. २०१७ मध्ये टेक्सासला हार्वे वादळाने बुडवलं, तेव्हा टेक्सासच्या ज्या सदस्यांनी सँडीच्या मदतीला नकार दिला होता त्यांची आठवण किंग यांनी करून दिली, आणि तरीही टेक्सासला मदत दिलीच पाहिजे म्हणून सांगितलं. संघराज्य टिकतं ते अशा माणसांवर, असं मला वाटतं.

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्यात हे सगळं पुन्हा एकत्र आलं. घरपट्टीची ती वजावट दहा हजारांवरून चाळीस हजारांवर गेली, एडिसनच्या घरांना दिलासा मिळाला. त्याच कायद्याने सायलेन्सर आणि आखूड रायफलींवरचा १९३४ चा दोनशे डॉलर कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला. कर नाही तर कराच्या नावाखालची नोंदणी कशाच्या आधारावर, असं विचारणारे खटले लगेच दाखल झाले. मेडिकेडलाही याच कायद्याने कात्री लावली. एका सहीने ईशान्येला सूट मिळाली, दक्षिणेला शस्त्र मिळालं आणि जखमींचा खर्च दोघांवर येऊन पडला. बहिणीने मला आनंदाने फोन केला होता. मी तिला बाकीचं सांगितलं तेव्हा ती पुन्हा तशीच, बोलायची थांबली.

वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्ग नावाचं गाव आहे. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकांचा माग काढणारं एटीएफचं केंद्र तिथे आहे, आणि खरेदीदाराची पूर्वतपासणी करणारं एफबीआयचं केंद्रही त्याच राज्यात, क्लार्क्सबर्गला. एफबीआयचा हा पसारा तिकडे आणला तो सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी, आपल्या गरीब राज्याला नोकऱ्या मिळाव्यात म्हणून. म्हणजे खाणकामगारांच्या मुली आज न्यूयॉर्कच्या करातून पगार घेऊन न्यूयॉर्कच्या खुनांचा माग काढत असतील. बंदूकमालकांची केंद्रीय यादी करायला १९८६ पासून कायद्याने बंदी आहे. त्यामुळे पोलिसांकडून बंदुकीचा क्रमांक आला की मार्टिन्सबर्गचा कर्मचारी कारखान्याला फोन करतो, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला. दुकान बंद पडलेलं असेल तर त्याचे कागद खोक्यांत भरून इथेच आलेले असतात. खोकी इतकी की मध्यंतरी आवारात मालवाहू कंटेनर उभे करावे लागले. कागदांची छायाचित्रं यंत्रात आहेत, पण नाव टाकून शोधायला परवानगी नाही. एकेक पान डोळ्यांनी बघायचं. शेवटी सापडतं: जॉर्जियातलं दुकान, तारीख, पहिल्या खरेदीदाराची सही. त्याने ते पुढे कोणाला दिलं याची नोंद बहुतेक राज्यांत कोणी ठेवत नाही. कर्मचारी पोलिसांना तेवढंच कळवतो आणि पान परत खोक्यात ठेवतो.